खरखरमुक्त बाबा

मी एकदा एखादी गोष्ट मनावर घेतली ना, की अर्धवट सोडत नाही! हे मी नाही, आमच्या ऑफिसातले लोक म्हणतात. म्हणताना ते एकमेकांकडे का बघतात, हे मात्र मला अजून कळलेलं नाही. तर दोन हजार सहाच्या दिवाळीत, फराळाच्या दुसऱ्या बशीवर असताना, मी अशीच एक गोष्ट मनावर घेतली.

"बाबांच्या सगळ्या रेकॉर्डी मी कॉम्प्युटरवर चढवणार!" मी चकली वर धरून जाहीर केलं. "एकशे शहाऐंशी! एकूण एक! आणि जानेवारीत त्यांच्या पंचाहत्तरीला सीडी करून वाटणार!"

"आणि त्या रेकॉर्डी?" उर्मिलानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, विचारलं.

"घरातून जाणार!"

"अहो, खरंच?"

सतरा वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याही बेतावर तिचा चेहरा इतका फुललेला मी पाहिला नव्हता. कारण तसंच होतं. गिरगावातली खोली विकून आम्ही भाईंदरला इंद्रलोकमध्ये आलो, तेव्हा दोन ट्रंका भरून रेकॉर्डी आमच्याबरोबर आल्या आणि जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसल्या. तेव्हापासून आमच्या घरात सरळ पाय सोडून कोणी जेवलेलं नाही. पाहुणे तर घोड्यावर एका बाजूनं बसल्यासारखे तिरके बसून वरणभात खातात!

आता आमच्या बाबांबद्दल सांगतो. बाबा, म्हणजे हरिश्चंद्र, एका कापडाच्या पेढीवर चाळीस वर्षं कारकून होते. सरळ माणूस. आयुष्यात त्यांनी फुशारकी मारली ती एकाच गोष्टीची. त्या ट्रंकांमध्ये एक बशीएवढी लहान रेकॉर्ड होती. लाल लेबलाची. माहेरी निघालेल्या एका मुलीचं गाणं. गायिका पुढे कुठे गेली कोणाला ठाऊक नाही, गाणंही कोणाला ठाऊक नाही. पण बाबांचं म्हणणं होतं, "या रेकॉर्डमध्ये मी आहे!"

लहानपणी रविवारी सकाळी बाबा ती लावायचे आणि एक बोट वर करून सांगायचे, "ऐक हां सुभाष… आता… आता… आलो बघ!" आणि बरोबर त्याच वेळी मागून तीन-चार पुरुषांचा कोरस 'हो होऽऽ हो' करून यायचा. त्यातला जाडसर आवाज बाबांचा, हे मी सातव्या वर्षीच ठरवून टाकलं होतं. विचारायचं काय त्यात? भाईंदरला येताना टेम्पोत रेकॉर्ड-प्लेअर मोडला आणि ते गाणं बंद झालं.

आता सुलूआत्या. सुलूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. रत्नागिरीला असते. तिचं लग्न त्या रेकॉर्डिंगच्या आधी झालं, तिच्याकडे प्लेअर कधी नव्हता, आणि ती इकडे यायला लागली तेव्हा आमचा मोडलेला. त्यामुळे तिनं ते गाणं ऐकलेलंच नाही! आणि न ऐकताच तिचं मत पक्कं आहे. "दादा कुठला रेकॉर्डवर! थापा मारतो मेला!" हे ती चाळीस वर्षं प्रत्येक लग्नात, मुंजीत आणि एकदा तर तेराव्याच्या पंगतीत म्हणालेली आहे. बाबा नुसतं हसतात. पण ते हसू खरं नसतं, हे मला दिसतं. पाडव्याच्या दिवशी ते सुलूआत्याकडे दोन महिने राहायला निघाले, तेव्हा जिन्यात थांबून मला म्हणाले, "सुभाष, मला पंचाहत्तरीला शाल नको, काही नको. फक्त एकदा सुलूला ते ऐकवता आलं असतं तर बरं झालं असतं रे."

झालं! मी त्यांना काही बोललो नाही. सरप्राइज द्यायचं ठरवलं, आणि ते गेल्यावरच ती चकली वर धरली!

लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून प्लेअर दुरुस्त करून आणला. नवी सुई बसवली. ऑफिसातल्या नीरजनं प्लेअरमधून कॉम्प्युटरमध्ये घालायची वायर दिली आणि एक सॉफ्टवेअर दिलं. गाणं कॉम्प्युटरमध्ये घेतलं की त्यातली रेकॉर्डची खरखर, खटखट, सगळं ते सॉफ्टवेअर शोधून काढून टाकतं! स्क्रीनवर एक पट्टी असते, शून्यापासून शंभरपर्यंत.

"तीसच्या वर जाऊ नका हां," नीरज म्हणाला.

आता मला सांगा, शंभरपर्यंत जाता येत असताना तीसवर थांबायचं, ही काय मराठी माणसाची प्रगती झाली? मी पट्टी शंभरावर नेऊन ठेवली!

मग जे सुरू झालं, त्याला आमच्या घरात अजून 'ते दोन महिने' म्हणतात. प्रत्येक रेकॉर्ड आधी साबणाच्या पाण्यात धुवायची, बनियनच्या कापडानं पुसायची, मग लावायची. गाणं चालू असताना मिक्सर लावायचा नाही, कारण लावला की गाण्यात घरघर येते. फोडणी द्यायची नाही, कारण उर्मिला फोडणी दिल्यावर शिंकते. बेलची वायर तर मी काढूनच ठेवली होती! त्यात आमच्याकडे रोजचं लोडशेडिंग. मुंबईत दिवे झगमगतायत आणि दहिसर ओलांडलं की अंधार. दिवे आहेत तेवढ्या वेळात मी गाण्यांवर तुटून पडत होतो. ऑफिसात साहेबांना फोन करून मी दोनदा तापलो आणि एकदा पाय मुरगळून घेतला.

पण काय गाणी निघत होती! स्वच्छ! धुतलेल्या तांदळासारखी! खरखर नाही, खटखट नाही, काही नाही!

आणि मग आली ती लाल लेबलाची रेकॉर्ड. मी हात जोडले आणि लावली. सूर सुरू झाले. बाईंचा आवाज आला. आणि तेवढ्यात, ऐन मोक्याच्या जागी, बाबांच्या कोरसच्या अगदी अंगावर, खटाक् खटाक्, खटाक् खटाक्! ही एवढी मोठी खटखट! चांगली पाच-सहा सेकंदं! पुढे आणखी एकदा, गाणं संपत येताना, तशीच!

"बघ ना," मी उर्मिलाला म्हणालो. "नेमका बाबांच्या आवाजावर ओरखडा! आणि कसला निर्लज्ज ओरखडा, अगं तालात पडलाय!"

"तालात कसा पडेल?" ती म्हणाली.

"तेच तर! पण मीही सोडणार नाही!"

पहिल्या फेरीत तो अर्धा गेला. दुसऱ्या फेरीत आणखी थोडा. सहाव्या फेरीपर्यंत मी घामाघूम झालो होतो, पण अकराव्या फेरीला त्यातलं शेवटचं 'खट्' निघालं आणि मी खुर्चीवरून उठून नाचलो! बाबांचा कोरस मोकळा झाला होता. तो मी आणखी मोठा केला. 'हो होऽऽ हो' असा दणदणीत! कॉम्प्युटरनं विचारलं, जुनी फाइल काढून तिच्या जागी ही ठेवू का? डिस्क तर गच्च भरलेली होती. मी म्हटलं, ठेव बाबा! तिथल्या तिथे जुनी फाइल गेली.

राहता राहिल्या रेकॉर्डी. आमच्या दारावर पेणकरपाड्याहून धाकू भाजी घेऊन येतो. त्याची तिथे अजून चांगली चार-पाच गुंठे वाडी आहे, इमारतींच्या मधोमध. त्यानं दारातल्या ट्रंका बघितल्या.

"वैनी, यी काली ताटां फेकाची हाय का?" त्यानं विचारलं.

"का रे? तुला काय करायचीत?"

"मांडवाव बांधीन. पाखरां लय झाल्यात. हवेन फिरली का चमकतान, मंग पाखरां येत न्हाय. बांधाला मधी भोक पन हाय!"

उर्मिलानं माझ्याकडे बघितलं. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "घेऊन जा! सगळ्या! आता गाणी कायमची कॉम्प्युटरमध्ये आहेत. रेकॉर्ड म्हणजे नुसतं टरफल!"

धाकूनं दोन खेपांत ट्रंका नेल्या. वर आम्हाला एक दुधी फुकट दिला. त्या दिवशी आम्ही दोघं टेबलाखाली पाय लांब करून जेवलो. उर्मिला तर जेवण झाल्यावरही अर्धा तास तशीच बसून होती.

जानेवारीतला तो रविवार उजाडला! सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल घेतला होता. ऐंशी माणसं, श्रीखंड-पुरी, आणि प्रत्येक खुर्चीवर एक सीडी. कव्हरवर बाबांचा फोटो आणि खाली मी छापून घेतलेलं नाव: 'हरिश्चंद्रांचा सूर'. आतमध्ये पहिलंच गाणं ते. बाबा सुलूआत्याला घेऊन पहाटेच्या गाडीनं आले होते. नवं धोतर, नवी टोपी. सरप्राइज फुटू नये म्हणून मी त्यांना घरी न नेता थेट खालच्या शेजाऱ्यांकडे आंघोळीला बसवलं होतं!

औक्षण झालं. मी माइक हातात घेतला.

"मंडळी! ज्या रेकॉर्डबद्दल आपण चाळीस वर्षं ऐकत आलो, आणि काही लोक ज्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत," इथे मी सुलूआत्याकडे बघितलं, "ती रेकॉर्ड आज आपण ऐकणार आहोत! बाबांचा आवाज! खरखरमुक्त!"

टाळ्या! बाबा तर उभेच राहिले. त्यांनी सुलूआत्याचा हात धरून तिला पहिल्या रांगेत, स्पीकरच्या पुढ्यात बसवलं.

"आज ऐकच सुलू."

"ऐकते बाबा, ऐकते."

मी सीडी लावली. बाईंचा आवाज असा लख्ख आला की मागच्या रांगेतले लोकही गप्प झाले. बाबांनी एक बोट वर केलं. तेच बोट! "आता हां सुलू… आता… आता… आलो…"

कोरस दणाणला. 'हो होऽऽ हो!' मी अभिमानानं हॉलवर नजर फिरवली.

बाबांचं बोट वरच राहिलं.

"कुठे आलास?" सुलूआत्यानं विचारलं.

"थांब, थांब. पुढे आहे आणखी एकदा."

पुढे काही नव्हतं. गाणं संपलं. टाळ्या वाजल्या. बाबा म्हणाले, "पुन्हा लाव."

मी पुन्हा लावलं. बोट वर. कोरस आला, गेला. बाबा म्हणाले, "आवाज वाढव." मी वाढवला. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा हॉलमधली लहान मुलंसुद्धा 'हो होऽऽ हो' म्हणायला लागली होती.

"बाबा, हे काय तुम्हीच!" मी शेवटी न राहवून ओरडलो. "तो जाड आवाज!"

"तो?" बाबा म्हणाले. "तो सामंतांचा मधला. मी कधी गायलोय आयुष्यात?"

"मग तुम्ही…"

"माझा घोडा कुठाय?" बाबांनी विचारलं. माइक माझ्या हातात चालूच होता. "सुभाष, माझा घोडा कुठे गेला?"

हॉलमध्ये एकदम कुजबुज झाली. आमचे सेक्रेटरी शहाभाई मागून धावत पुढे आले.

"सुभाषभाई! घोडा? किसने बुलाया घोडा? शादी में भी अपन गेट के बाहर खडा रखते हैं, आपको मालूम है ना?"

"अहो शहाभाई, घोडा नाही बोलावला…"

"फिर अंकल क्यूं पूछ रहे हैं? वॉचमन! देख तो पार्किंग में घोडा आया है क्या!"

वॉचमन खरंच बघून आला! पार्किंगमध्ये घोडा नव्हता. दोन काका तोपर्यंत खिडकीत जाऊन उभे राहिले होते आणि एका काकूंनी बाबांना बग्गीतून फिरवणार आहेत अशी बातमी स्वयंपाकाच्या बाजूला पोचवलीही होती.

"टापा रे," बाबा मला म्हणाले. "घोड्याच्या टापा. ती मुलगी टांग्यातून माहेरी जाते ना? टांगा निघतो तेव्हा, आणि गाव दिसतं तेव्हा. दोनदा येतात. नारळाच्या करवंट्या. त्या मी वाजवल्यात."

मंडळी, माझ्या पायांखालची फरशी सरकली! खटाक् खटाक्! तो निर्लज्ज ओरखडा! तालात पडलेला! म्हणजे अकरा फेऱ्या घालून, घाम गाळून, शेवटचं 'खट्' निघाल्यावर नाचून, मी गाण्यातून काय काढलं होतं? वडील!

मी कसंबसं सगळं सांगितलं. पट्टी, शंभर, फाइल. बाबा ऐकत होते.

"असू दे," ते शेवटी म्हणाले. "मूळ रेकॉर्ड आहे ना? ती आण वरून."

मी उर्मिलाकडे बघितलं. उर्मिलानं श्रीखंडाच्या पातेल्याकडे बघितलं.

"ती पेणकरपाड्याला असते," मी म्हणालो.

"राहू दे रे दादा," सुलूआत्या म्हणाली. आणि ती वाईट स्वरात म्हणाली नाही, हेच तर वाईट होतं. "कशाला पोराला त्रास? असेल कुणाचा तरी घोडा."

बाबा खाली बसले. त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. लोक पानांकडे वळत होते आणि पंचाहत्तर वर्षांचा माझा बाप त्या खुर्चीत बारका होऊन बसला होता. मला इतकी लाज वाटली की काय सांगू! आयुष्यात ज्या माणसानं एकच गोष्ट मिरवली, ती मी साफ करून टाकली होती!

"कोणी जेवायला बसू नका!" मी माइकवर ओरडलो. "नाही, बसा! पण कोणी जाऊ नका! आत्या, तुम्हीही चला!"

रिक्षात मी मधे, एका बाजूला बाबा, एका बाजूला आत्या. घड्याळात पावणेदोन. रविवारचं लोडशेडिंग तीनला. त्याच्या आत परत येऊन गाणं वाजलं पाहिजे! आत्या संध्याकाळच्या गाडीनं रत्नागिरीला परत जाणार होती.

रिक्षा काशिमिऱ्याच्या बाजूला वळली तसे बाबा आपणहून बोलायला लागले. पेढीतल्या लोकांचं नाटकमंडळ होतं, त्यात ते पडद्यामागे आवाज काढायचे. पत्रा हलवून वीज, सुपात तांदूळ घोळवून पाऊस. कोणीतरी त्यांना त्या रेकॉर्डिंगला नेलं. पंधरा माणसं आणि एकच माइक. तीन वेळा गाणं घेतलं. "शेवटच्या वेळी त्या बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, घोडा छान चालला हो. बस, तेवढंच," बाबा म्हणाले आणि रिक्षाबाहेर बघत बसले.

"करवंट्या कुठून आणल्यास?" आत्यानं विचारलं.

"आईच्या. चुलीमागे ठेवलेल्या असायच्या ना."

"मुंबईला येताना त्या तू पळवल्यास?" आत्या माझ्या अंगावरून पलीकडे वाकली. "आणि मार मी खाल्ला!"

धाकूच्या वाडीत पोचलो आणि बघतो तर काय! दुधीच्या मांडवावर, घोसाळ्याच्या वेलावर, शेवग्याच्या फांद्यांवर, जिकडे तिकडे रेकॉर्डी लटकलेल्या! वाऱ्यावर गरगर फिरतायत. उन्हानं काही अशा वाकल्या होत्या की त्यात आमटी वाढता आली असती. आणि प्रत्येक रेकॉर्डीच्या काठावर एक कावळा बसलेला!

"कशी, पाखरं घाबरतात का?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"कुठली, साहेब!" धाकू म्हणाला. "उलट बसाला जागा झाली त्यांना. चोच घासतान तिच्याव."

आम्ही शोधायला लागलो. मी शिडीवर, बाबा धोतर खोचून खाली. लाल लेबल, लहान रेकॉर्ड! एक सापडली, ती नव्हे. दुसरी, ती नव्हे. अडीच वाजत आले. बाबांच्या नव्या टोपीवर कावळ्यांनी आपलं मत नोंदवलं. आत्या दमून धाकूच्या ओट्यावर बसली आणि तिनं पाणी मागितलं. धाकूची बायको आशा माठाकडे गेली. झाकण काढलं, ओगराळं आत बुडवलं.

"दादा!" आत्या ओरडली. "लाल लेबल!"

माठाचं झाकण! बरोबर माठाच्या तोंडाएवढं! मधल्या भोकात धरायला लाकडाची मूठ ठोकलेली. महिनाभर ओगराळं आपटून आपटून वर इतके चरे पडले होते की ते झाकण आहे की किसणी, ते कळेना. पण लेबल तेच!

"यो न्हाय देनार," आशा म्हणाली. "असा बसनारा झाकान कुठं भेटतंय? बाकीची सगली न्या."

"अगं बाई, माझ्या घोड्याचं आहे ते!" बाबा काकुळतीला आले.

आशानं नवऱ्याकडे बघितलं. धाकूनं आमच्याकडे बघितलं. म्हातारा माणूस, नवं धोतर, डोक्यावर कावळ्याची शिट, आणि झाकणात घोडा. त्याला आमची फार कीव आली असावी. पण आशा हटेना. शेवटी सुलूआत्यानं पिशवीतून आपला स्टीलचा डबा काढला, त्यातल्या घरी न्यायला बांधून घेतलेल्या पुऱ्या पदरात घेतल्या आणि डब्याचं झाकण आशाच्या हातात दिलं. सौदा झाला! मूठ काढताना भोक जरा मोठं झालं, पण आता कोण थांबतंय!

तीनला बारा मिनिटं असताना आम्ही हॉलमध्ये शिरलो. लोक जेवून सुपारी चघळत होते. उर्मिलानं प्लेअर वरून आणून स्पीकरला जोडून ठेवला होता. मी रेकॉर्ड लावली. बाबा आणि आत्या पहिल्या रांगेत. आत्याच्या पदरात पुऱ्या.

सुई टेकली आणि हॉलभर घुमलं, खटाक्! खट् खट् खटाक्! खटाक्!

मी डोळे मिटून घेतले. गाणं अजून सुरूसुद्धा झालं नव्हतं! हे सगळे आशाच्या ओगराळ्याचे चरे! मग बाईंचा आवाज आला. मोठ्या झालेल्या भोकामुळे रेकॉर्ड डुलत होती, तशा बाईही डुलत गात होत्या. आणि मागे अखंड, खटाक् खटाक्, खट् खटाक्! कडव्यावर खटाक्, ध्रुपदावर खटाक्, कोरसच्या डोक्यावर खटाक्! बाबांच्या खऱ्या टापा त्यात कुठे आल्या आणि कुठे गेल्या, देवाला ठाऊक. त्यांनी बोट वर करून पाहिलं, पण कुठल्या खटाकवर करावं ते न कळून पुन्हा खाली घेतलं.

संपलं सगळं, मी मनात म्हटलं. एवढं करून पुन्हा तेच!

आणि तेवढ्यात सुलूआत्या बाबांकडे वळली. तिचे डोळे मोठे झाले होते.

"अगंबाई दादा!" ती म्हणाली. "पहिल्यापासून शेवटपर्यंत? एवढं सगळं तूच वाजवलंस?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. बाबा, ज्यांनी चाळीस वर्षं खरं सांगितलं आणि ज्यांना चाळीस वर्षं थापाडा म्हटलं गेलं, ते बाबा खुर्चीत हळूहळू ताठ झाले, टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "मग! मी काय सांगत होतो इतकी वर्षं?"

"हात नाही रे दुखले?"

"दुखले ना! दोन दिवस पेढीवर लिहिता आलं नाही."

आत्यानं पदरानं डोळे पुसले, पुऱ्या सांडल्या, मागच्या रांगेत कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. शहाभाईंनी तर पुढे येऊन बाबांना मिठीच मारली. "क्या घोडा दौडाया अंकल!"

गाणं संपलं. बाई थांबल्या, कोरस थांबला, पेटी थांबली. सुई शेवटच्या रेषेत जाऊन तिथेच फिरत राहिली. खटाक्… खटाक्… खटाक्…

"दादा," आत्यानं कान देऊन विचारलं, "अगदी नीट ऐकतेय हां मी. ती मुलगी तर माहेरी पोचली. मग हे अजून काय वाजतंय?"

बाबांनी पापणीसुद्धा लवू दिली नाही.

"अगं सुलू," ते म्हणाले, "टांगेवाल्याला परत जायला नको का?"